पुण्याचा प्लेग, १८९७ : साथीवरचे उपाय, त्यांवरची टीका आणि सरकारचे उत्तर

साथरोग कायदा ४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झाला. विधेयक मांडल्यापासून तो मंजूर होईपर्यंत जेमतेम एक आठवडा गेला. सारा कायदा चार कलमांत आटोपलेला होता. साथ रोखण्यासाठी सरकारला आवश्यक वाटतील ते तात्पुरते नियम करता येतील, नियम मोडणाऱ्याला दंड संहितेच्या कलम १८८ प्रमाणे शिक्षा होईल आणि या कायद्याखाली सद्‌हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही, एवढाच त्याचा गाभा होता. नियम राबवताना अन्याय झाला तर नागरिकाने कोणाकडे जावे, याविषयी कायद्यात एक अक्षरही नव्हते. पुढच्या सहा महिन्यांत पुण्यात जे घडले, त्यातला बराचसा भाग याच उणिवेतून निर्माण झाला, असे माझे मत आहे. प्रस्तुत अभ्यासात प्लेगच्या वैद्यकीय इतिहासापेक्षा सरकारच्या कारभारावर कोणती टीका झाली, ती कोणत्या मार्गांनी मांडली गेली आणि सरकारने तिचे काय केले, या प्रश्नांकडे मुख्यतः पाहिले आहे.

पार्श्वभूमी

प्लेगची तिसरी जागतिक साथ हाँगकाँगमार्गे मुंबईत पोहोचली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तिचे निदान केले. मुंबईतून लोक बाहेर पडू लागले आणि त्यांच्याबरोबर रोगही रेल्वेमार्गाने पसरला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात मुंबईहून आलेले रुग्ण पुण्यात आढळले आणि डिसेंबरात स्थानिक लागण दिसू लागली. फेब्रुवारी १८९७ च्या अखेरीस शहरातला मृत्यूचा आकडा नेहमीच्या दुप्पट झाला होता आणि जवळजवळ निम्मी वस्ती गाव सोडून गेली होती. त्याच काळात मुंबई इलाख्याच्या मोठ्या भागात दुष्काळ होता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

सरकारला घाई होण्यामागे स्थानिक कारणांइतकीच परदेशांतील कारणे होती. फेब्रुवारी आणि मार्च १८९७ मध्ये व्हेनिस येथे युरोपीय राष्ट्रांची आरोग्यविषयक परिषद भरली होती आणि हिंदुस्थानातून येणारी जहाजे व माल यांवर निर्बंध घालण्याची चर्चा तेथे चालली होती. ब्रिटिश व्यापाराच्या दृष्टीने मुंबई बंदर बंद पडणे ही रोगाहूनही मोठी आपत्ती ठरली असती. सरकार काहीतरी जोरकस करीत आहे हे जगाला दिसणे म्हणूनच आवश्यक झाले होते, आणि उपाययोजनेचे स्वरूप ठरताना या दिसण्याचा वाटा लहान नव्हता.

गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी पुण्यासाठी एक विशेष प्लेग समिती नेमली. सनदी अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड हे तिचे अध्यक्ष, तर कर्नल फिलिप्स आणि लष्करी शल्यचिकित्सक बेव्हरिज हे सदस्य होते. रँड यांचे नाव पुणेकरांना अपरिचित नव्हते. साताऱ्याकडे असताना मशिदीवरून वाजंत्री नेण्याच्या प्रकरणात वाईच्या प्रतिष्ठित मंडळींना त्यांनी शिक्षा ठोठावली होती आणि त्यामुळे कडक व हेकट अधिकारी अशी त्यांची प्रसिद्धी आधीच झाली होती. ज्या शहराचे सहकार्य मिळवायचे आहे त्या शहरात अशी पूर्वपीठिका असलेला माणूस पाठवणे ही निवडीतली चूक होती. टीकाकारांनी ती पहिल्यापासून दाखवून दिली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात डरहॅम लाइट इन्फन्ट्री या ब्रिटिश पलटणीचे मेजर पॅजेट यांच्या हाताखाली गोरे आणि देशी मिळून ८९३ अधिकारी व शिपाई या कामावर लावण्यात आले. १३ मार्चपासून घरोघर झडत्या सुरू झाल्या. त्या सुमारे दोन महिने, १९ मेपर्यंत चालल्या. लष्कर का, या प्रश्नाला सरकारचे उत्तर असे होते की गोरा शिपाई शिस्तीचा असतो, लाच घेत नाही, त्याचे कोणत्याही वाड्याशी नातेगोते नसते आणि म्हणून तो झडती पुरी करतो. प्रशासकीय तर्क म्हणून हे उत्तर निव्वळ टाकाऊ नव्हते. परंतु शिपायाला भाषा येत नाही, घराची रचना कळत नाही, देवघर कोणते आणि माजघर कोणते हे उमगत नाही आणि कोणी अडवले तर समजूत घालण्याचे कोणतेही शिक्षण त्याला मिळालेले नाही, ही त्या तर्काची दुसरी बाजू सरकारने हिशेबातच धरली नाही.

झडतीचे स्वरूप

टीका का भडकली हे समजण्यासाठी तपासणीची पद्धत नीट पाहावी लागते. ग्रंथिक प्लेगची गाठ बहुधा जांघेत, काखेत किंवा मानेवर येते. गाठ आहे की नाही हे पाहायचे, तर अंगावरचे कपडे दूर करावे लागतात. ही तपासणी घरात घुसलेले परके पुरुष करीत असत किंवा त्यांच्या देखत ती होत असे. पुष्कळदा ती अंगणात वा रस्त्यावर होई. रोग नसलेल्या माणसालाही तिच्यातून सुटका नव्हती. संशयित रुग्ण आढळला की त्याला रुग्णालयात आणि घरच्या माणसांना विलगीकरणाच्या छावणीत नेत. घरातील सामानसुमान बाहेर काढून जाळत, जमिनी उकरत, भिंतींना चुना मारीत. जळालेल्या वस्तूंची भरपाई, मागे राहिलेल्या कुलूपबंद घराची राखण आणि छावणीत नेलेल्या मुलाबाळांची खबर या तिन्ही बाबतींत लोकांच्या मनात रोगाइतकीच धास्ती होती. परिणामी रुग्ण लपवणे, मृत्यू लपवणे आणि रात्रीतून गाव सोडणे हे प्रकार वाढले. झडतीचा हेतू रुग्ण शोधण्याचा होता आणि झडतीच्या भीतीने रुग्ण अधिकाधिक लपवले जात होते.

येथे वैद्यकशास्त्राची त्या वेळची स्थितीही सांगितली पाहिजे. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, परंतु तो उंदरावरील पिसवेमार्फत माणसाला होतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. १८९७ मध्ये प्लेग म्हणजे माणसांचा, घाणीचा आणि जागेचा रोग असे समजून उपाय केले जात होते. त्यामुळे माणसांना धरून नेण्यावर आणि सामान जाळण्यावर भर होता, आणि उंदीर मात्र एका घरातून दुसऱ्या घरात विनासायास जात होते. ही उणीव टीकाकारांनाही ठाऊक नव्हती, तेव्हा त्यांच्या टीकेला शास्त्रीय दूरदृष्टीचे श्रेय देणे योग्य होणार नाही. त्यांचे म्हणणे उपायांच्या शास्त्राबद्दल नव्हते. ते उपाय राबवण्याच्या रीतीबद्दल होते.

टीका कोणी केली आणि कोणत्या मार्गाने

पहिला मार्ग अर्जाचा होता. सरदार नातू बंधूंसारख्या शहरातील वजनदार मंडळींनी झडत्यांच्या वेळी घडलेल्या गैरप्रकारांच्या तक्रारी समितीकडे आणि सरकारकडे नेल्या. तक्रारी अधिकाऱ्यांनी ऐकाव्यात, दोषी शिपायांना समज द्यावी आणि पद्धतीत बदल करावा, एवढीच त्यांमागची अपेक्षा होती. या तक्रारींचा झडतीच्या पद्धतीवर लक्षात येण्याजोगा परिणाम झाला नाही.

दुसरा मार्ग वृत्तपत्रांचा. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांतून घेतलेली भूमिका पुढे इतकी सोपी करून सांगितली गेली आहे की तिचे मूळ रूप मुद्दाम पुढे ठेवावे लागते. टिळकांचा विरोध विलगीकरणाला किंवा रुग्णालयाला नव्हता. उलट, पुढारी म्हणवणारी मंडळी साथीत शहर सोडून निघून गेली याबद्दल त्यांनी स्वकीयांवर कोरडे ओढले, स्वतः शहरात राहिले आणि हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. सरकारी उपाय आवश्यक आहेत, परंतु ते जुलमाने राबवल्यास निष्फळ ठरतात आणि रँड यांच्यासारख्या अधिकाऱ्याच्या हाती ते सोपवायला नको होते, हा त्यांच्या लिखाणाचा रोख होता. भाषा अर्थातच तिखट होती. पण तिखट भाषा आणि निराधार आरोप या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि सरकारने पुढे जो खटला भरला त्यात हा फरक मुद्दाम पुसला गेला.

तिसरा आवाज पंडिता रमाबाईंचा. त्या ख्रिस्ती होत्या, सनातनी पुण्याशी त्यांचे वैर जगजाहीर होते आणि सरकारविरोधी राजकारणाशी त्यांचा संबंध नव्हता. अशा व्यक्तीने मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात लिहून प्लेगच्या रुग्णालयात आणि छावणीत स्त्रियांची कशी आबाळ होते व आपल्या संस्थेतील एका मुलीच्या वाट्याला काय आले, हे जाहीर केले. ब्राह्मणी कावा, राजकीय हेतू, वृत्तपत्री बडबड अशा नेहमीच्या शेऱ्यांनी हे पत्र बाजूला सारता येण्यासारखे नव्हते. तरीही सरकारने ते दिशाभूल करणारे म्हणून फेटाळले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत बोलका पुरावा हाच आहे. टीका कोणी केली यावर सरकारचे उत्तर अवलंबून नव्हते, कारण उत्तर आधीच ठरलेले होते.

चौथा मार्ग सातासमुद्रापलीकडचा. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्यातील मित्रांनी पाठवलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’मधून शिपायांच्या वर्तनाविषयी गंभीर आरोप केले. दोन स्त्रियांवर अत्याचार झाला आणि त्यांपैकी एकीने आत्महत्या केली, हा त्यांतला सर्वांत स्फोटक आरोप होता. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले, भारतमंत्र्यांनी मुंबई सरकारकडे तारेने विचारणा केली आणि मुंबईहून साफ इन्कार आला.

या चार आवाजांच्या पलीकडे जे होते त्याचाही उल्लेख करायला हवा. छापील टीका मुख्यतः शिकलेल्या वर्गाची होती आणि तिच्यात घर, देवघर आणि स्त्रियांची अब्रू यांना अग्रस्थान होते. ज्यांचे सारे घर एका खोलीत मावत होते आणि ज्यांच्या अंथरुणाची होळी झाली म्हणजे सर्वस्वच गेले, त्यांचे गाऱ्हाणे वृत्तपत्रापर्यंत क्वचितच पोहोचले. ती माणसे नजरेस पडतात ती टीकेच्या नोंदींत नव्हे तर सेवेच्या. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी रुग्णांसाठी दवाखाना चालवला. रुग्णांची शुश्रूषा करताना लागण होऊन सावित्रीबाईंचे १० मार्च १८९७ रोजी निधन झाले, म्हणजे झडत्या सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी.

पुराव्याचा प्रश्न

प्लेग समितीच्या अहवालात रँड यांनी समाधान व्यक्त केले आहे की, एखाद्या स्त्रीचा जाणूनबुजून विनयभंग झाल्याची विश्वासार्ह तक्रार समितीकडे किंवा शिपायांवरील अधिकाऱ्यांकडे आली नाही. या विधानाकडे मी काहीसा थांबून पाहतो, कारण सगळे प्रकरण त्यावर फिरते.

तक्रार कोणाकडे यायची होती? ज्या समितीने झडतीचा हुकूम दिला तिच्याकडे, किंवा ज्या अधिकाऱ्यांच्या नजरेखाली झडती झाली त्यांच्याकडे. स्वतंत्र दंडाधिकारी, शहरातील नागरिकांची समिती किंवा स्त्री अधिकारी अशी कोणतीही तिसरी जागा तक्रार घेण्यासाठी ठेवलेली नव्हती. तक्रार करणाऱ्याने शिपायाला ओळखून दाखवावे, तारीख, वेळ आणि साक्षीदार द्यावेत अशी अपेक्षा होती, आणि शिपाई तर एकाच गणवेशातले, एकाच भाषेचे, रोज नव्या पेठेत जाणारे. त्यातच तक्रार स्त्रीच्या अब्रूची असेल तर त्या काळातील कोणते घराणे तिला चारचौघांत उभी करून नावानिशी साक्ष देऊ देईल? ‘विश्वासार्ह’ हा शब्द येथे निर्णायक आहे, कारण विश्वासार्हता ठरवणारे आणि आरोप असणारे एकाच बाजूचे होते. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे घटना घडलीच नाही, असे सरकारने गृहीत धरले. घटना घडली असे लोक म्हणतात म्हणजे ती घडलीच, असे वृत्तपत्रांनी गृहीत धरले. दोन्ही गृहीतके सदोष होती, पण त्यांची किंमत सारखी नव्हती. चौकशी करण्याचे सामर्थ्य फक्त एका पक्षाकडे होते, आणि त्याने ती केली नाही.

गोखल्यांची गोची नेमकी येथेच झाली. त्यांनी जे लिहिले ते ऐकीव होते, आणि ज्यांच्याकडून ऐकले त्यांची नावे सांगणे म्हणजे त्यांना पोलिसांच्या हवाली करणे होते. ते ३० जुलै १८९७ रोजी मुंबईत उतरले, तोपर्यंत पुण्यात धरपकड सुरू झालेली होती. पत्रे पाठवणाऱ्यांपैकी कोणीही उघडपणे पुढे यायला तयार होईना. ऑगस्टच्या आरंभी गोखल्यांनी गव्हर्नर, प्लेग समिती आणि शिपाई यांची जाहीर व बिनशर्त माफी मागितली. या माफीबद्दल त्यांना दोन्ही बाजूंनी बोल लागला. सरकारी पक्षाला ते खोटे ठरले आणि जहालांना भित्रे. मला ती माफी भित्रेपणाची वाटत नाही. सिद्ध करता न येणारा आरोप मागे घेणे ही सार्वजनिक जीवनातील सचोटी आहे. मात्र त्या माफीचा उपयोग सरकारने आरोपांचा एक भाग मागे घेतला गेला असा केला नाही. पुण्यातील सारी गाऱ्हाणी रचलेली होती याचा दाखला म्हणून ती वापरली गेली. एका मोठ्या आरोपाच्या पडझडीखाली शेकडो लहान, साध्या, तपासता येण्याजोग्या तक्रारी गाडल्या गेल्या. जळालेले सामान, न मिळालेली भरपाई, छावणीतली गैरसोय या बाबींसाठी कोणाच्याही अब्रूची साक्ष लागत नव्हती, तरी त्यांचीही चौकशी झाली नाही.

२२ जूननंतर

व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीतील गव्हर्नरच्या बंगल्यावर झाला. तेथून परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट जागीच ठार झाले आणि रँड ३ जुलैला मरण पावले. या कटाबद्दल दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली. बाळकृष्ण व वासुदेव हे त्यांचे बंधू आणि महादेव रानडे यांना पुढच्या वर्षी मे महिन्यात फाशी देण्यात आली. झडत्या १९ मे रोजीच संपल्या होत्या, म्हणजे हे खून चालू जुलूम थांबवण्यासाठी झालेले नव्हते.

टीकेच्या दृष्टीने त्यांचा परिणाम उलटा झाला. खुनापूर्वी सरकारपुढे प्रश्न होता तो प्लेग समितीच्या वर्तनाचा. खुनानंतर तो टीकाकारांच्या वर्तनाचा झाला. अँग्लो-इंडियन, म्हणजे येथील इंग्रजांच्या, वृत्तपत्रांनी ‘केसरी’च्या लिखाणाचा खुनाशी संबंध जोडायला वेळ लावला नाही. शहरावर शिक्षेदाखल जादा पोलीस बसवण्यात आले आणि त्यांचा खर्च रहिवाशांवर लादला गेला. टिळकांनी ६ जुलैच्या अंकात ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ आणि पुढच्या आठवड्यात ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे’ हे अग्रलेख लिहिले. काही व्यक्तींच्या गुन्ह्याबद्दल संपूर्ण शहराला दंड करणे हा न्याय नव्हे, असा त्यांचा मुद्दा होता.

जुलैच्या अखेरच्या दिवसांचा घटनाक्रम पाहिला की सरकारच्या उत्तराचे स्वरूप स्पष्ट होते. २७ जुलै रोजी टिळकांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. २८ जुलै रोजी नातू बंधूंना १८२७ च्या रेग्युलेशन २५ खाली ताब्यात घेण्यात आले. या रेग्युलेशनात ना आरोप सांगावा लागे, ना खटला चालवावा लागे. ३० जुलै रोजी गोखले बोटीतून उतरले आणि पोलिसांची नजर त्यांच्यावर बंदरापासूनच होती. ज्याने वृत्तपत्रात लिहिले, ज्यांनी अर्ज केले आणि ज्याने इंग्लंडातील जनतेपुढे गाऱ्हाणे मांडले, अशा तिघांच्या तीन मार्गांना एकाच आठवड्यात तीन उत्तरे मिळाली. सर्वांत कडक उत्तर सर्वांत सौम्य मार्गाला मिळाले, हे विशेष आहे. टिळकांना निदान न्यायालय आणि वकील लाभले. अर्ज करणारे नातू बंधू मात्र खटल्यावाचून डांबले गेले. इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ आणि वाईच्या ‘मोदवृत्त’ या पत्रांवरही त्याच हंगामात राजद्रोहाचे खटले भरले गेले.

खटला

टिळकांवरील आरोपपत्रात प्लेगवरील अग्रलेख मूळ गुन्हा म्हणून धरलेले नव्हते. १५ जूनच्या ‘केसरी’त छापलेली शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली कविता आणि शिवराज्याभिषेक उत्सवातील भाषणांचा वृत्तांत, यांवर खटला उभा राहिला. ही निवड समजण्यासारखी आहे. दंड संहितेच्या राजद्रोहविषयक कलम १२४-अ मध्ये सरकारच्या विशिष्ट उपायांविषयी नापसंती दर्शवणे हा गुन्हा नव्हे, असे स्पष्टीकरण १८७० पासूनच होते. प्लेगच्या उपायांवरील टीका त्या स्पष्टीकरणाच्या आश्रयाला गेली असती. त्या भाषणांतील अफझलखानाच्या वधाची चर्चा तशी जाऊ शकत नव्हती, विशेषतः तिच्यानंतर सातच दिवसांनी खून झालेले असताना.

जामीन न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी दिला. सप्टेंबरात न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे खटला चालला. ज्युरीत नऊ जण होते. सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष. सरकारविषयी प्रेमाचा अभाव म्हणजेच अप्रीती, अशी कलमाची व्याप्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला समजावून दिली, आणि ती लावली तर क्वचितच एखादे वृत्तपत्र सुटू शकले असते. अठरा महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. लंडनमधील प्रिव्ही कौन्सिल या सर्वोच्च अपील न्यायमंडळाने अपिलाची परवानगी नाकारली. मॅक्स म्यूलर यांच्यासारख्या विद्वानांनी केलेल्या विनंतीनंतर टिळक सप्टेंबर १८९८ मध्ये मुदतीआधी सुटले.

तुलना : त्याच कायद्याखालची मुंबई

पुण्यात जे झाले ते अटळच होते, असे म्हणणाऱ्यांसाठी एक शेजारचे उदाहरण आहे. मार्च १८९७ मध्येच मुंबईत ब्रिगेडियर-जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. कायदा तोच, गव्हर्नर तेच, महिना तोच, अध्यक्षही लष्करी. पण गॅटेकर यांनी निरनिराळ्या समाजांच्या पुढाऱ्यांना बोलावून घेतले आणि समाजांनी चालवलेल्या खासगी रुग्णालयांना परवानगी दिली. सक्ती तेथेही होती आणि असंतोषही होता. परंतु लोकांना बोलायला समोर माणूस होता, आणि गॅटेकर असेतोवर मुंबईत मोठा उद्रेक झाला नाही. ते गेल्यावर कारभार सर जेम्स कँबेल यांच्याकडे आला आणि मार्च १८९८ मध्ये एका संशयित रुग्ण मुलीला नेण्यावरून मुंबईत दंगल पेटली. या तुलनेतून फार मोठा सिद्धांत काढणे धाडसाचे होईल, कारण मुंबईतील समाजरचना आणि व्यापारी पुढाऱ्यांचे वजन पुण्याहून वेगळे होते. तरीही अंमलबजावणीची रीत बदलण्याजोगी होती, एवढे तिच्यावरून सिद्ध होते, आणि पुण्यातील टीकाकार तेवढेच मागत होते.

टीकेचे फलित

१८९८ या वर्षात दोन गोष्टी झाल्या आणि त्या शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. राजद्रोहाचे कलम अधिक व्यापक करण्यात आले. सरकारविषयी द्वेष किंवा तिरस्कार उत्पन्न करणे हे शब्द त्यात आले आणि वर्गावर्गांत वैर पसरवण्यासंबंधी कलम १५३-अ नव्याने घालण्यात आले. त्याच सुमारास प्लेगविषयक धोरण मात्र उलट दिशेने सरकू लागले. सक्तीच्या झडत्या, लष्कराचा वापर आणि बळजबरीचे विलगीकरण यांवरचा भर कमी होत गेला. समाजांची स्वतःची रुग्णालये, घरातल्या घरात उपचार, स्वखुशीने वस्ती हलवून झोपड्यांत राहणे आणि हाफकिन यांची प्लेगप्रतिबंधक लस ऐच्छिकपणे टोचणे यांना जागा मिळू लागली. डॉ. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या प्लेग आयोगाने १८९८-९९ मध्ये देशभर साक्षी घेतल्या. सक्तीने साथ आटोक्यात येत नाही, हे तोवर अधिकाऱ्यांच्याच अनुभवाला आले होते. १८९७ च्या मे महिन्यात पुण्यात साथ ओसरली तेव्हा समितीने ते आपले यश मानले होते, परंतु त्याच वर्षी ती परत आली आणि पुढील अनेक वर्षे येतच राहिली.

धोरण बदलण्यामागे टीकेचा वाटा किती आणि दंगलींचा, खर्चाचा व अपयशाचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. दंगलींचा वाटा मोठा होता असे मला वाटते, आणि ही बाब सरकारला शोभा देणारी नाही. अर्ज, अग्रलेख आणि पत्रे यांनी जे सांगितले ते रस्त्यावर दगड पडू लागल्यावर ऐकले गेले. ज्या मागण्या करणारे तुरुंगात होते किंवा माफी मागून मोकळे झाले होते, त्यांपैकी बऱ्याच मागण्या मान्य झाल्या, पण त्या मान्य करताना त्या कोणी केल्या होत्या याची नोंद मात्र झाली नाही.

साथरोग कायदा पुढे टिकून राहिला. २०२० मध्ये कोविडच्या वेळी तोच लागू केला गेला आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांसाठी कडक शिक्षेची तरतूद त्यात त्या वर्षी घालण्यात आली. ती आवश्यक होती. कायदा राबवणाऱ्यांच्या वर्तनाबद्दल नागरिकाने कोणाकडे तक्रार न्यावी आणि तिची चौकशी किती दिवसांत व कोणी करावी, हे सांगणारे कलम मात्र त्याही दुरुस्तीत आले नाही.